पंक्तिप्रपंच

गेल्या हिवाळ्यात आमच्या इथल्या मराठी मंडळाचं स्नेहभोजन होतं. शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला, लांब टेबलं, कागदी ताटल्या, मसालेभात आणि श्रीखंड. माझ्याशेजारी एक नवा मुलगा येऊन बसला. सप्टेंबरात पीएचडीसाठी इंग्लंडला आलेला. त्यानं आपलं नाव सांगितलं, फक्त पहिलं नाव. समोरच्या काकांनी लगेच विचारलं, "आणि आडनाव?" मुलानं सांगितलं. काका म्हणाले, "अच्छा, अच्छा," आणि मग गाव कुठलं, वडील काय करतात, असं सुरू झालं.

काका वाईट गृहस्थ नाहीत. नव्या विद्यार्थ्यांना ते स्टेशनवर आणायला जातात, पहिल्या थंडीत त्यांना स्वेटर देतात. पण आडनाव विचारताना आपण नेमकं काय विचारत असतो, हे त्या टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मुलालाही होतं. तो खाली बघून भात कालवत राहिला. मी काही बोललो नाही. बोलणार तरी काय? काकांच्या आधी मनातल्या मनात तोच प्रश्न मी विचारून झालो होतो.

त्या जेवणानं मला दोन वर्षांपूर्वीची एक बैठक आठवली. तिच्याबद्दल आजवर मी घरातही नीट बोललेलो नाही. आज लिहितो. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मी रसायनशास्त्राचा माणूस. सव्वीस वर्षं या देशात आहे. एका वैज्ञानिक संस्थेच्या निवड समितीवर काही वर्षांपूर्वी मला घेतलं गेलं. तरुण संशोधकांना पाठ्यवृत्ती देणारी ही समिती. वैविध्य आणि समावेश हे शब्द तेव्हा प्रत्येक बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर येऊ लागले होते. माझी निवड केवळ माझ्या कामावर झाली नव्हती, हे मला समजत होतं. वार्षिक अहवालातल्या फोटोत मी डावीकडून तिसरा आहे, आणि त्या रांगेतला एकटाच सावळा. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. उमेदीच्या वर्षांत मला बाहेर ठेवणारी दारं मी पाहिली होती. आता आत घेतलं जात असेल तर हिशेब थोडा फिटतो, असं वाटलं.

त्या वर्षी शेवटच्या फेरीत भारतातून आलेले दोन अर्ज होते. एक नामांकित संस्थेतला, ओघवत्या इंग्रजीतला, मोठ्या प्राध्यापकाच्या दोन पानी शिफारसपत्रासह. दुसरा अर्ज एका मुलीचा होता. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजातून बीएस्सी, मग एका राज्य विद्यापीठातून पीएचडी. इंग्रजी बरोबर, पण कोरडं. शिफारसपत्र आठ ओळींचं. समितीतल्या मंडळींनी माझ्याकडे पाहिलं. भारताबद्दलचं माझं मत म्हणजे तज्ज्ञाचं मत. मी म्हणालो, "दुसऱ्या अर्जात मला चमक दिसत नाही." एवढंच. कुणी वाद घातला नाही.

घरी परतताना गाडीत तो अर्ज पुन्हा काढून वाचला. तिनं एके ठिकाणी लिहिलं होतं, की विभागातला गॅस क्रोमॅटोग्राफ बंद पडल्यावर जुन्या यंत्राचे भाग वापरून तिनं तो स्वतः चालू केला आणि त्यावर पुढची दोन वर्षं मोजमापं घेतली. सकाळी हे वाक्य वाचताना मी त्यातून 'प्रयोगशाळा साधारण असावी' एवढाच अर्थ काढला होता. आता वाचताना दिसलं, की दोन्ही अर्ज मिळून स्वतःच्या हातानं केलेलं सगळ्यात अवघड काम हेच होतं.

आणि मग आडनाव. समितीतल्या बाकी नऊजणांना दोन भारतीय नावं दिसली होती. त्यांना त्यापलीकडे काही वाचताच येत नव्हतं. मला येत होतं. दोन्ही आडनावांवरून गाव, जात, घरातलं वातावरण, आजोबा काय करत असतील, इथपर्यंतचा अंदाज मी अर्ज उघडताक्षणी, न ठरवता, बांधून मोकळा झालो होतो. 'चमक दिसत नाही' या तीन शब्दांत त्या अंदाजाचा वाटा किती होता? खरं सांगायचं तर मला माहीत नाही. मी स्वतःला बराच वेळ उलटसुलट विचारलं. उत्तर मिळत नाही, हीच मला या प्रश्नाची सगळ्यात वाईट बाजू वाटते.

वैज्ञानिक संस्था आणि त्यांची दारं यांचा इतिहास या देशात चांगला नोंदलेला आहे. रॉयल सोसायटी स्थापन झाली १६६० साली. कुणाच्याही शब्दावर विसंबू नका, हे तिचं ब्रीद. पण या ब्रीदाच्या घरात कुणाला शिरू द्यायचं, याबाबत मात्र ती वहिवाटीवर विसंबून राहिली. १९०२ साली हर्था एअर्टन या विदुषीचं नाव सदस्यत्वासाठी सुचवलं गेलं. विजेच्या कमानीवर, म्हणजे आर्कवर, तिचं काम नावाजलेलं होतं. संस्थेनं वकिलांचा सल्ला घेतला. विवाहित स्त्रीला कायद्यानं स्वतंत्र अस्तित्वच नाही, तेव्हा तिला सदस्य करता येत नाही, असं उत्तर आलं. चार वर्षांनी त्याच संस्थेनं तिला ह्यूज पदक दिलं. म्हणजे पदक द्यायला ती होती, खुर्ची द्यायला नव्हती. स्त्रियांवरची अशी कायदेशीर बंधनं १९१९ च्या कायद्यानं उठली, तरी पहिल्या दोन स्त्रिया, कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीफनसन, निवडून यायला १९४५ साल उजाडलं.

याच इतिहासातली दुसरी तारीख मुंबईची आहे. जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्यातले अर्देशीर करसेटजी १८४१ साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, पहिले भारतीय. म्हणजे मुंबईचा एक पारशी अभियंता त्या खुर्चीवर बसल्यानंतर १०४ वर्षांनी इंग्लंडमधल्या बाईला तिथे जागा मिळाली. हे कळल्यावर मला आधी अभिमान वाटला आणि मग प्रश्न पडला. एक दार उघडलं म्हणून दुसरं उघडतंच असं नाही. ज्या संस्थेला परदेशी माणूस चालला तिला स्वतःच्या घरातली बाई चालली नाही. तसंच ज्या संस्थेला मी चालतो, तिला मी स्वतः ज्यांना चालवून घेत नाही ती माणसं दिसणारच नाहीत, असंही होऊ शकतं.

आपल्याकडची गोष्ट कमला सोहोनींची. तेव्हाच्या कमला भागवत, दुर्गाबाईंच्या भगिनी. १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मागितला. संचालक होते सी. व्ही. रामन. बाईमाणूस म्हणून नकार मिळाला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष चाचणीचं आणि तुमच्यामुळे इतरांचं लक्ष विचलित होता कामा नये, अशा त्या अटी. त्यांनी काम करून दाखवलं, पुढे केंब्रिजची पीएचडी १९३९ साली मिळवली. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण तिच्यातला एक तपशील आपण पटकन ओलांडून जातो. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि त्याच संस्थेत शिकलेले. दार कुठे आहे आणि ते कसं ठोठावायचं, हे त्यांच्या घरात ठाऊक होतं. त्यानं त्यांचं कर्तृत्व तसूभरही कमी होत नाही. पण ज्यांच्या घरी तो पत्ताच नव्हता त्यांच्या जिद्दीची गोष्ट आपल्यापर्यंत पोचलीच नाही, हेही त्यातूनच कळतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एखाद्या वैज्ञानिक संस्थेनं वगळलेल्यांना आत आणावं, ते कशासाठी? बैठकांमध्ये यावर सहसा एक उत्तर दिलं जातं: विज्ञानाचा फायदा होतो म्हणून. हे उत्तर खोटं नाही. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणारं यंत्र कोविडच्या काळात आपल्यापैकी अनेकांनी विकत घेतलं. २०२० च्या अखेरीस मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की हे यंत्र काळ्या त्वचेच्या रुग्णांत घसरलेला प्राणवायू पकडण्यात गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा चुकतं. यंत्र प्रकाशावर चालतं, त्वचेतलं रंगद्रव्य प्रकाश शोषतं. भौतिकशास्त्रात गूढ काहीच नव्हतं. याची कुणकूण १९९० च्या दशकापासून होती. पण ज्यांच्या बोटांवर चूक होत होती ती माणसं, चूक महत्त्वाची आहे की नाही हे ठरवणाऱ्या खोलीत फारशी नव्हती. विज्ञानाला आपल्या चुका दिसायच्या असतील तर वेगवेगळ्या जागी उभं राहून पाहणारी माणसं लागतात, हे इथे सरळ दिसतं.

तरीही हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, आणि माझ्यासारख्या माणसानं तर त्यावर विसंबूच नये. कारण फायद्याच्या पायावर दिलेली जागा फायदा संपला की जाते. मूळ संख्यांवर काम करणारी एखादी दलित मुलगी मूळ संख्यांकडे 'वेगळ्या दृष्टीनं' पाहील, अशी अपेक्षा का ठेवायची? ती इतरांसारखंच, कदाचित त्यांच्याहून चांगलं, गणित करील. इतरांसारखंच करील म्हणून तिचा हक्क कमी होतो का? शिवाय या उत्तरात एक छुपी अट आहे. तुम्ही आत या, पण येताना आपल्या समाजाचा दृष्टिकोन टोपलीत घालून आणा. ज्यांना वगळलं नव्हतं त्यांना अशी टोपली कुणी मागत नाही. त्यांनी नुसतं चांगलं काम केलं तरी भागतं.

म्हणून मला वाटतं, पाया न्यायाचाच हवा. सामायिक ज्ञानाच्या कामात भाग घेण्याचा हक्क ज्याला गती आहे त्या प्रत्येकाचा आहे. तो नाकारला गेला असेल तर ती चूक दुरुस्त करायची, एवढं कारण पुरे आहे. विज्ञानाला फायदा झाला तर आनंदच.

यावर माझे काही मित्र म्हणतात, आणि ते मूर्ख नाहीत, की मग गुणवत्तेचं काय? विज्ञानात बरोबर ते बरोबर आणि चूक ते चूक. माणूस कुठून आला याच्याशी सत्याला काय देणंघेणं? हा आक्षेप मला जवळचा वाटतो. ज्या घरात मी वाढलो तिथे गुणवत्ता हा शब्द देवाच्या नावासारखा उच्चारला जाई. आजही मला कमअस्सल काम पुढे ढकललेलं सहन होत नाही. पण त्या मित्रांना मी आता विचारतो, की निष्कर्ष बरोबर की चूक हे निसर्ग ठरवतो, हे मान्य. कुणाला प्रयोग करायला पैसे मिळावेत हे कोण ठरवतं? ते आपण ठरवतो, दुपारी तीन वाजता, चौतिसावा अर्ज वाचताना, चहा गार झालेला असताना.

यातही पाहण्यासारखा एक प्रयोग झालेला आहे. हबल दुर्बिणीवर निरीक्षणाची वेळ मिळावी म्हणून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ अर्ज करतात. वर्षानुवर्षं पुरुषांच्या अर्जांना यश मिळण्याचं प्रमाण स्त्रियांपेक्षा थोडं जास्त असे. २०१८ साली अर्जांवरची नावं परीक्षकांपासून लपवली गेली. त्या फेरीत स्त्रियांच्या यशाचं प्रमाण पहिल्यांदाच पुरुषांपेक्षा किंचित वर गेलं. एका फेरीवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण इथे कुणाला सवलत दिली नव्हती, निकष खाली आणले नव्हते. नाव तेवढं झाकलं होतं. गुणवत्तेवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांना तर हा प्रयोग सगळ्यात जास्त आवडायला हवा.

पण आपल्या बाबतीत नुसतं नाव झाकून भागेल का, याची मला शंका आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात वंश, लिंग, धर्म, अपंगत्व, वय अशी नऊ वैशिष्ट्यं संरक्षित आहेत. जात त्यांत वेगळी नाही. संसदेनं २०१३ साली ती घालण्याची तरतूद केली होती, पण २०१८ मध्ये सरकारनं ठरवलं, की स्वतंत्र कायद्याची गरज नाही, न्यायालयांचे निर्णय पुरेसे आहेत. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरानं २०२३ साली जातीवरून भेदभावाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळानं मंजूर करूनही गव्हर्नरांनी ते नाकारलं. या दोन्ही वेळी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर काय काय लिहिलं गेलं ते वाचकांनाही आठवत असेल. इकडे जात आहेच कुठे, असा सगळ्यांचा सूर. समितीच्या अर्जावर भारतीय असा एकच चौकोन असतो. त्या चौकोनात मी आणि ती मुलगी एकत्र बसतो, आणि माझी निवड झाली की संस्थेच्या तक्त्यात आम्हा दोघांच्याही नावे एक खूण पडते.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एका पंगतीला बसवून वाढताना केलेला भेद. कुणाला पंगतीत बसूच न देणं हा वेगळा अन्याय. पंक्तिप्रपंचात सगळे एकाच रांगेत बसलेले असतात, फोटोत सारखेच दिसतात. फरक वाढणाऱ्याच्या हातात असतो. तूप कुणाच्या भातावर किती पडलं, ते वाढणाऱ्याला आणि जेवणाऱ्याला तेवढं कळतं. वैविध्याचे तक्ते पंगतीत किती माणसं बसली ते मोजतात. वाढण्यातला भेद त्यांत येत नाही.

मेघनाद साहांची गोष्ट तर शब्दशः पंगतीची आहे. ताऱ्यांचे वर्णपट कसे वाचायचे हे ज्यांच्या समीकरणानं जगाला शिकवलं ते हे साहा. कोलकात्याला विद्यार्थी असताना वसतिगृहातल्या सवर्ण मुलांनी त्यांच्यासोबत जेवायला हरकत घेतली. वसतिगृहात प्रवेश मिळालेला होता, बरं का. १९२७ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. आणि बाबासाहेबांचं बडोदं तर आपल्याला ठाऊक आहेच. कोलंबिया आणि लंडनला शिकून १९१७ साली ते संस्थानच्या नोकरीवर हजर झाले, आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. विद्या होती, हुद्दा होता, तरी डोक्यावर छप्पर नव्हतं. लंडनमध्ये ते राहिले ते घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेतलं. तिथे जाऊन आपण सगळे फोटो काढतो. मीही काढला आहे.

बैठकीनंतर महिन्याभरानं मी समितीच्या अध्यक्षबाईंना भेटून सगळं सांगितलं. त्या इंग्लिश. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नुसत्या आडनावावरून कळतं?" मग अर्धा तास मी त्यांना ते समजावत बसलो. आपल्या घरची गोष्ट परक्या माणसापुढे उघडी करताना लाज वाटली. आपल्याविषयी त्यांचे काय ग्रह होतील, याचीही धास्ती वाटली. आपण बाहेरच्यांपुढे गप्प राहतो त्याचं निम्मं कारण ही धास्ती असावी. पण गप्प राहण्याची किंमत मी भरत नव्हतो, ती दुसरंच कुणी भरत होतं.

निकाल बदलता येणार नव्हता. पुढच्या वर्षीपासून पहिल्या वाचनात नावं आणि संस्था झाकल्या जाऊ लागल्या. उपलब्ध साधनांत काय केलं ते सांगा, असा एक प्रश्न अर्जात आला. आणि एक नियम मी स्वतःपुरता केला, की भारतीय अर्जावर मी पहिला बोलत नाही. आधी इतरांनी आपले गुण लिहून टाकायचे. 'चमक' हा शब्द मी वापरायचा सोडला. अजूनही आडनाव दिसलं, की डोक्यात तो जुना तक्ता उघडतोच. तो बंद करता येत नाही. तो उघडला आहे हे लक्षात ठेवून गुण द्यायचे, एवढंच जमतं. त्या मुलीला दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करता येत होता. ती मुदत येऊन गेली. तिचा अर्ज आला नाही.

मंडळाच्या त्या जेवणाबद्दल एक गोष्ट राहिली. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "तो नवा मुलगा कशात पीएचडी करतोय?" मला सांगता येईना. शेजारी तासभर बसून त्याचं आडनाव, गाव आणि वडिलांची नोकरी मला कळली होती. तो कशावर काम करतो हे मी, एक संशोधक, विचारायचंच विसरलो होतो. पाडव्याच्या कार्यक्रमाला तो आला तर आधी तेच विचारणार आहे. बघू, येतो का.